बर्फाखालच्या वाहत्या पाण्यात

मासेमारी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर होडी येते, जाळे येते, नाही तर पुलाच्या कठड्यावर गळ सोडून तासन्‌तास बसलेला एखादा निवांत गृहस्थ येतो. कोकणात या बसण्याला ‘गरवणे’ असे सुटसुटीत क्रियापद आहे. माझे लहानपण खाडीकाठी गेले. तिथे गरवायला जाणे हा धंदा नव्हता आणि छंदही नव्हता. संध्याकाळच्या कालवणाची सोय होती. गरीला कोलंबीचा तुकडा लावायचा, तंगूस बोटाला गुंडाळायचा आणि ओढ लागली की खेचायचे. माशाला खरे खाणे द्यावे आणि त्याला पकडावे, हा व्यवहार कसा रोखीचा वाटायचा. पण धातूचा चकचकीत तुकडा पाण्यात नुसता वर-खाली नाचवायचा आणि माशाने भुलून त्यावर तोंड टाकायचे, ही उधारी कॅनडात येईपर्यंत मला ठाऊक नव्हती.

मी राहतो विनिपेगला. कॅनडाच्या नकाशाच्या जवळजवळ मध्यावर हे शहर आहे. इथला हिवाळा उणे तीस अंशांपर्यंत सहज उतरतो आणि ‘आज जरा गारवा आहे’ एवढेच त्याचे वर्णन होते. शहरातून रेड नदी वाहते. ती अमेरिकेत उगम पावते आणि, आपल्या नद्यांच्या सवयीने पाहिले तर, उलटी म्हणजे उत्तरेकडे वाहत जाऊन विनिपेग नावाच्या अवाढव्य तलावाला मिळते. १९९७ साली या नदीला आलेल्या महापुराच्या आठवणी अजून निघतात. हिवाळ्यात हीच नदी गोठते. शहराच्या उत्तरेला सेलकर्क गावापलीकडे तिच्या पाठीवर रंगीबेरंगी खोपटांची वस्तीच उभी राहते. खोपटात लहानशी शेगडी, दोन खुर्च्या आणि जमिनीत, म्हणजे बर्फात, वीतभर रुंदीचे भोक. त्या भोकात माणसे टक लावून बसलेली असतात.

लांबून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. मलाही वाटला होता. पण आमच्या शेजारी एक निवृत्त रेल्वे कामगार राहत. त्यांचे आई-वडील युक्रेनमधून आलेले. माझ्या मुलीने त्यांना ‘आजोबा’ म्हणायला सुरुवात केली आणि गल्लीतल्या इतर मुलांनीही तेच नाव उचलले, अर्थ न कळता. या आजोबांनी मला नदीवर नेले. त्यांच्याकडून जे शिकलो ते आता माझ्या मुलीला सांगायची वेळ आली आहे, कारण ती सतरा वर्षांची झाली आहे आणि ‘मैत्रिणींबरोबर नदीवर गेले तर चालेल का?’ असे तिने यंदा पहिल्यांदाच विचारले. आमिष कोणते निवडावे, हे सांगणे सोपे आहे, असे मला वाटत होते. सांगायला बसलो तेव्हा लक्षात आले, की आमिषाची गोष्ट आणि बर्फाची गोष्ट वेगळी काढताच येत नाही.

चमचा, खुळखुळा आणि पोहणारा

आधी ही खोटी आमिषे म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजीत त्यांना ल्यूर म्हणतात आणि भोकातून सरळ खाली सोडून हाताने वर-खाली नाचवायच्या ल्यूरला जिग. दुकानात गेलात तर भिंतभर टांगलेली असतात. आपल्याकडच्या जत्रेतल्या कानातल्यांच्या दुकानात उभे राहिल्यासारखे वाटते. पण ढोबळमानाने तीन घराणी ध्यानात ठेवली की पुरे.

पहिले घराणे चमच्याचे. नावही चमचाच, ‘स्पून’. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ज्युलिओ बुएल नावाच्या माणसाच्या हातून जेवताना चमचा तळ्यात पडला आणि लुकलुकत खाली जाणाऱ्या त्या चमच्यावर माशाने झडप घातली, अशी आख्यायिका आहे. मग त्याने चमच्याचा दांडा कापून त्याला गळ जोडला. आख्यायिका खरी असो वा नसो, १८५२ साली त्याने या युक्तीचे पेटंट घेतले. दुसरे घराणे खुळखुळ्याचे. माशाच्या आकाराच्या पोकळ आमिषात बारीक छर्रे असतात. हलवले की ते खळखळतात. तिसरे घराणे आडवे तरंगणाऱ्यांचे. शिशाचा छोटा मासा, दोन्ही टोकांना गळ, शेपटीला प्लास्टिकचा पंख आणि दोर बांधायची कडी पाठीच्या मध्यावर. वर उचलून सोडले की तो पंखामुळे गिरकी घेत बाजूला जातो आणि परत भोकाखाली येतो. फिनलंडच्या रापाला कंपनीने हा प्रकार गाजवला. त्या कंपनीचा मूळपुरुष लाउरी रापाला स्वतः कोळी होता. जखमी माशाची डळमळती चाल पाहून १९३६ साली त्याने आपले पहिले आमिष कोरले होते. रशियात या आडव्या माशाला ‘बालान्सिर’ म्हणतात. तिथल्या नद्यांवर ‘मोर्मिश्का’ नावाची वाटाण्याएवढी जिगही चालते, पण ती वेगळ्या नजाकतीची विद्या.

आता प्रश्न येतो की यातले घ्यायचे कोणते. दुकानातला मुलगा विचारतो, ‘कोणता मासा पकडायचाय?’ आजोबा मात्र विचारायचे, ‘पाणी कसे आहे?’ मला त्यांचाच प्रश्न बरोबर वाटतो.

तळ्यातले पाणी उभे असते. तिथे तीन-चार ग्रॅमचे आमिष सोडले तरी ते निमूट सरळ खाली जाते आणि जिथे ठेवाल तिथे राहते. नदी बर्फाखालीही वाहतच असते. वरून सगळे थिजलेले, स्तब्ध दिसते आणि खाली बारा-पंधरा फूट पाणी आपल्या वाटेने चाललेले असते. हलके आमिष सोडले तर प्रवाह त्याला पतंगासारखा उडवतो. दोर तिरका होतो, आमिष तळापासून वर उचलले जाते आणि मासे राहतात तळाशी. प्रवाहाचा मारा तळाजवळ कमी असतो, थंडीत माशाला शक्ती वाचवायची असते, म्हणून तो खालीच थांबतो. तेव्हा नदीसाठी पहिली कसोटी वजनाची. सात ग्रॅमपासून सुरुवात करावी. दोर भोकाच्या खालच्या कडेला घासू लागला तर चौदा लावावे, तरी घासला तर एकवीस. आजोबांच्या डब्यात आमिषे रंगाप्रमाणे नव्हे, वजनाप्रमाणे लावलेली असत.

वजन तेवढेच, पण अंग कमी, असे आमिष प्रवाहात अधिक टिकते. रुंद, पातळ चमचा पाण्यात सुंदर लहरतो, पण नदीत त्याची पानासारखी गत होते. तिथे जाड आणि अरुंद चमचा हवा. अलीकडे टंगस्टनच्या जिग मिळतात. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पटींहून थोडी जास्त, तर टंगस्टनची एकोणीस पट. त्यामुळे तेवढ्याच वजनाची जिग बरीच लहान होते आणि झपकन तळ गाठते. महाग आहेत, पण त्या वापरण्याला आणखी एक कारण आहे. लून नावाचा इथला पाणपक्षी (कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर असतो तो) पोटात अन्न दळण्यासाठी तळातले खडे गिळतो आणि खड्यांबरोबर तुटून पडलेले शिसेही. त्याच्या विषाने तो मरतो. म्हणून कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत पन्नास ग्रॅमखालच्या शिशाच्या जिगवर १९९७ पासून बंदी आहे. आमची नदी राष्ट्रीय उद्यानात नाही. तरी आमच्या डब्यातले शिसे दरवर्षी थोडे कमी होत चालले आहे.

दुसरी कसोटी पाण्याच्या गढूळपणाची. रेड नदी नावाप्रमाणे मातकट. तिच्यात हातभर अंतरावरचेही नीट दिसणार नाही. इथे ज्याच्यासाठी माणसे गारठतात तो मासा वॉलआय. मॅनिटोबात त्याला ‘पिकरेल’ म्हणतात. त्याच्या डोळ्यांच्या आत मांजरासारखा प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक पाण्यात तो भक्ष्यापेक्षा सरस ठरतो. शिवाय सगळ्याच माशांप्रमाणे त्याच्या अंगावर, दोन्ही कुशींना, पाण्यातली थरथर टिपणारी रेषा असते. म्हणजे गढूळ पाण्यात आमिष दिसण्याआधी जाणवले पाहिजे. खुळखुळ्याचे काम ते. रंगातही चंदेरीपेक्षा सोनेरी, नारिंगी आणि अंधारात चमकणारे हिरवट रंग इथे चालतात. त्या चमकत्या रंगावर विजेरीचा झोत मारला की काही मिनिटे तो काजव्यासारखा उजळतो. आमच्या मुलीला गुलाबी आवडतो. गुलाबीवर मासा लागल्याचे मी पाहिले आहे. पण तो रंग माशाला आवडला की तिला, हे मी तिच्यासमोर बोलत नाही.

आकारासाठी माशाच्या ताटात डोकवावे. शरद ऋतूत वॉलआय तलावातून नदीत चढतात ते एमराल्ड शायनर नावाच्या चिमुकल्या चंदेरी माशांच्या मागे. ते बोटाएवढे, सडपातळ. म्हणून दोन ते तीन इंचांचे आमिष पुरते. याहून मोठे लावले तर मोठा मासा लागेल, ही दुकानदाराची समजूत आहे. आमिषाच्या गळाला खारवलेल्या छोट्या माशाचे डोके टोचतात, म्हणजे उधारीत थोडी रोख मिसळतात. चमचा बोलावतो आणि वास पटवतो.

नाचवणे कमी, थांबणे जास्त

नवशिका माणूस भोकाशी बसला की घंटा वाजवल्यासारखा हात हलवत राहतो. थंडीत हात हलवलेला बराही वाटतो. पण मासा बहुतेक वेळा आमिष थांबलेले असताना धरतो. हलवणे हे दारावरची कडी वाजवणे. कडी वाजवून दार उघडायला वेळ द्यावा लागतो.

रीत अशी आहे. आमिष तळाला टेकू द्यावे. टेकल्याचा धप्पा काठीत जाणवतो. मग वीतभर वर घ्यावे. तिथून फूटभर उचलून खाली सोडावे, पण दोर अगदी सैल पडू न देता, काठीचे टोक आमिषाच्या मागोमाग उतरवत. कारण पडताना मासा लागला आणि दोर सैल असला, तर आपल्याला पत्ताच लागत नाही. मग थांबावे. सावकाश दहापर्यंत मोजावे. मुलगी पाढे म्हणायची. बाराचा पाढा संपेपर्यंत हात हलवायचा नाही, असा आमचा नियम होता. मधूनमधून आमिष मुद्दाम तळावर दोनदा आपटावे. गाळाचा छोटा ढग उठतो आणि कुणीतरी तिथे चरते आहे असा देखावा होतो.

मासा लागतो तेव्हा ओढ बसेल या आशेत राहू नये. वॉलआय तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो. काठीला कळते ते एवढेच, की वजन जरा वाढले, किंवा एकाएकी नाहीसेच झाले. बोटाला गुंडाळलेल्या तंगुसाने लहानपणी जे शिकवले ते इथे उपयोगी पडले. काठीही म्हणूनच दोन-अडीच फुटांची, लवचिक टोकाची घेतात. दोर साधा नायलॉनचा बरा. विणलेला दोर पाणी धरतो आणि गोठून तारेसारखा होतो.

आडव्या पोहणाऱ्या आमिषाची प्रवाहात एक गंमत होते. शेपटीचा पंख वातकुक्कुटासारखा काम करतो आणि त्याचे तोंड आपोआप प्रवाहाच्या दिशेला, वरच्या बाजूला वळते. नदीतले मासे असेच तोंड करून उभे असतात. पण फार जोराने उचलले तर पंख प्रवाहात अडतो आणि आमिष भरकटते, म्हणून नदीत त्याला अर्ध्याच उंचीने नाचवावे.

पाण्यात ध्वनिलहरी सोडून मासा दाखवणारी यंत्रे आता सर्रास मिळतात. तळ्यात ती फार कामाची. उथळ नदीत मात्र प्रवाहाने आमिष थोडे बाजूला गेले, की ते यंत्राच्या झोताबाहेर पडते आणि पडद्यावर नुसता तळ दिसत राहतो. आजोबा या यंत्राला ‘टीव्ही’ म्हणत आणि आपल्या खोपटात टीव्ही आणू देत नसत.

मॅनिटोबात गळाच्या टोकामागचा उलटा काटा ठेवायला कायद्याने मनाई आहे. दुकानातून आणलेल्या प्रत्येक आमिषाचे तिन्ही काटे पकडीने दाबून सपाट करावे लागतात. त्यामुळे सोडून द्यायचा मासा फारसा न फाटता सुटतो. दोर सैल पडला तर मासा निसटतो हेही खरे, पण तेवढी शिस्त हाताला लागते. पाणी थंड, हवा उणे वीस. बाहेर काढलेल्या माशाचे डोळे आणि कल्ले बघता बघता गोठतात. सोडायचाच असेल तर भोकावरच ओणवे होऊन, शक्य तर पाण्यातच सोडवावा. फोटोचा हट्ट असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवावा, मासा नंतर वर काढावा.

आजोबांना शेवटच्या चार-पाच वर्षांत कंपवाताने गाठले. थांबणे हेच ज्या कामाचे मर्म, ते काम आणि न थांबणारा हात. पहिल्या हिवाळ्यात ते फार चिडचिडे झाले होते. मग त्यांनी एक बादली पालथी घातली, तिच्यावर मनगट टेकवले आणि काठीचा मधला भाग कडेवर ठेवून आमिष उचलायचे काम फक्त कोपराने सुरू केले. इथे हिवाळ्यात माणशी दोन दोर चालतात. दुसऱ्या भोकात ते नुसते खारवलेले आमिष टांगून ठेवत आणि त्याची राखण माझ्या मुलीकडे असे. माशाचा कल कळला की ती ओरडायची आणि काठी त्यांच्या हातात द्यायची. आपण खेचायचे नाही, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

तिरका दोर

आता बर्फाचे. तळ्यावरचा बर्फ साधारण एकसारखा जमतो. नदीवरचा तसा जमत नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, पुलाच्या खांबांपाशी, ओढा मिळतो तिथे पाणी जोरात असते आणि बर्फ खालून झिजतो. वरून मात्र सगळीकडे तेच पांढरे. पायी जाणाऱ्या एका माणसासाठी निदान चार इंच स्वच्छ, कठीण बर्फ हवा असे सांगतात; गाडीसाठी फूटभराहून अधिक. तोही निळसर, पारदर्शक बर्फ. भुरा, दुधी बर्फ निम्म्याच ताकदीचा धरायचा. आणि नदीवर या आकड्यांत भर घालायची, काटछाट नाही. आजोबा लोखंडी पहार पुढे आपटत चालत. पहार एका घावात आरपार गेली की त्याच पावलांनी मागे. मग गिरमिटाने भोक, भोकात मोजपट्टी, आणि पंचवीस पावलांवर पुन्हा भोक. भोकातला बर्फाचा चुरा काढायला भज्यांच्या झाऱ्यासारखा झारा असतो. माझ्या बायकोने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा स्वयंपाकघरातला आपला झारा मोजून घेतला होता.

गळ्यात दोन दांडे अडकवायचे. टोकाला खिळे असलेले हे दांडे पाण्यात पडलात तर बर्फाच्या कडेत रोवून बाहेर यायला. आमच्याच मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात माणसाचे काय होते याचा अभ्यास करण्यासाठी स्वतःला अनेकदा गारेगार पाण्यात बुडवून घेतले आहे. त्यांचा सांगावा एक-दहा-एक असा आहे. पहिले एक मिनिट नुसता श्वास ताब्यात आणायचे. पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात, त्यात बाहेर यायची धडपड करायची. आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे पडल्याबरोबर सगळे संपले असे नाही. फक्त हे तळ्याचे गणित झाले. नदीत खाली प्रवाह असतो. तो माणसाला भोकापासून दूर बर्फाखाली ओढू शकतो.

हे मुलीला सांगताना माझा आवाज चढला, असे बायको म्हणाली. चढला असेल. मुलीने डोळे फिरवले नाहीत, एवढेच मी पाहिले.

मी तिला जे सांगू पाहत होतो ते असे, की बर्फावर बसलेल्या माणसाला नदीची खबर देणारा एकच धागा असतो, आणि तो तिच्या हातात असतो. शनिवारी चौदा ग्रॅमचा चमचा सरळ उभा राहत होता आणि पुढच्या शनिवारी त्याच भोकाजवळ तोच चमचा तिरका जायला लागला, तर रंग बदलत बसायचे नाही. पाणी वाढले आहे. वजन वाढवता येते, आणि मासाही कदाचित लागेल, पण ते वाढलेले पाणी फक्त चमच्याला ढकलत नाही. ते पायाखालच्या बर्फालाही घासते आहे. रेड नदीचे उत्तरेकडे वाहणे इथे नडते. दक्षिणेत वितळण सुरू झाली की तिकडचे पाणी खाली येते, आणि आमच्याकडे मात्र अजून बर्फ घट्ट दिसत असतो. सरकारलाही हे ठाऊक आहे. मार्चमध्ये खोपटी उचलून न्यायची तारीख ठरवून दिलेली असते आणि हिवाळा सरता सरता सेलकर्कच्या उत्तरेला अँफिबेक्स नावाची अजस्र यंत्रे बर्फ फोडत निघतात, तुंबून पूर येऊ नये म्हणून.

आजोबा जाऊन तीन वर्षे झाली. त्यांच्या घरच्यांनी आमिषांचा पत्र्याचा डबा माझ्या मुलीला दिला. वजनाप्रमाणे कप्पे तसेच आहेत. प्रत्येक कप्प्यावर पेन्सिलने लिहिलेले आकडे शेवटी शेवटी वेडेवाकडे झाले आहेत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती दोन मैत्रिणींना घेऊन गेली. मी काठावर गाडीत बसेन एवढ्या अटीवर, म्हणजे एकटी जाणे हे अजून तसे नावापुरतेच आहे. पहार आपटत तिघी गेल्या. तीन भोके पाडली, मोजली. मी थर्मासमधला चहा पीत काचेवरचे दव पुसत होतो. अर्धा तास झाला नसेल, तोच तिघी सामान आवरू लागल्या. गाडीत येऊन तिने हातमोजे काढले आणि म्हणाली, ‘बाबा, बर्फ चौदा इंच आहे. पण एकवीस लावला तरी उभा राहत नाहीये. परवा चौदाचा राहत होता.’

मैत्रिणी थोड्या हिरमुसल्या होत्या. त्यांनी पाव आणि तळणीचे तेल आणले होते. घरी फोन करून रवा भिजवू नको, नुसता मोकळा ठेव, असे सांगितले, आणि त्या दिवशी सगळ्यांना अंड्यांचा रस्सा वाढला.